मदत हवी आहे: जुन्या जपानी अ‍ॅम्प्लिफायरचा डावा आवाज अर्ध्या तासाने जातो

रामदासपेठकर
नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात नागपुरातील धंतोलीत एका जुन्या घराची आवराआवर चालू असताना मी १९७० च्या दशकातील एक जपानी स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर १४ हजार रुपयांना घेतला. सुरू केल्यावर पहिला अर्धा तास तो अप्रतिम वाजतो. त्यानंतर डाव्या बाजूचा आवाज बारीक होत जातो, थोडी खरखर होते आणि शेवटी ती बाजू पूर्ण मुकी होते. येत्या रविवारी वडिलांचा पंचाहत्तरावा वाढदिवस असून त्यांच्या नाट्यगीतांच्या तबकड्या याच अ‍ॅम्प्लिफायरवर वाजवायचे ठरले आहे. सीताबर्डीतील एका दुरुस्तीवाल्याने झाकणही न उघडता ‘आयसी (आतली चिप) गेली’ असे सांगून ४ हजार रुपये मागितले. कोणता भाग बदलायचा, एवढेच कृपया कळवावे.

निवृत्त मेकॅनिक
भाऊ, मॉडेल क्रमांक कोणता, स्पीकर किती ओहमचे, आवाज जातो तेव्हा नॉब वाढवल्यास तो परत येतो का, आणि डावी-उजवीकडची वायर अदलाबदल करून पाहिली का, यांपैकी काहीच आपण लिहिलेले नाही. त्या काळच्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरांत आयसीऐवजी सुटे ट्रान्झिस्टर असत, त्यामुळे ‘आयसी गेली’ हे निदान मला तरी पटत नाही.

इतवारीचा सोल्डर
इतके प्रश्न कशाला? पन्नास वर्षांत इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (चार्ज साठवणारे भाग) आतून वाळतात, हे सर्वांना ठाऊक आहे. सगळे एकदम बदलून टाकावेत. मी माझ्या तीन अ‍ॅम्प्लिफायरांचे तसेच केले आणि तिन्ही आज खणखणीत वाजत आहेत.

निवृत्त मेकॅनिक
वीजपुरवठ्याचे मोठे कपॅसिटर वाळले, तर घुमघुम ऐकू येते, आणि ती बहुधा दोन्ही बाजूंना येते, कारण आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर, एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर १०० हर्ट्झची लाट उरते. येथे एकच बाजू जाते आहे, तीही तापल्यावर. आधी दोष शोधावा, मग सोल्डर तापवावा.

तबकडीवेडा
तबकड्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो, टर्नटेबलची बारीक अर्थिंगची तार अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूला घट्ट बांधलेली असावी, अन्यथा घुमघुम येते. पिनही तपासून घ्यावी. शिवाय टर्नटेबल ‘फोनो’ याच इनपुटला लावावा, कारण तबकडीत खर्ज दाबून आणि तीव्र स्वर वाढवून कोरलेले असतात व ते मूळ प्रमाणात आणणारे सर्किट तेथेच असते.

रामदासपेठकर
घुमघुम येत नाही. टर्नटेबल फोनोलाच आहे आणि पिन नवी आहे. मी विचारले होते, भाग कोणता बदलायचा?

निवृत्त मेकॅनिक
भाग सांगतो, पण त्याआधी दहा मिनिटे द्या. अ‍ॅम्प्लिफायर बंद करा आणि मागे डाव्या स्पीकरची वायर उजवीकडे व उजवीची डावीकडे लावा. आवाज गेल्यावर उजवीकडचा स्पीकर मुका झाला, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये आहे; तोच डावीकडचा स्पीकर मुका राहिला, तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या वायरमध्ये आहे. त्यानंतर स्पीकर जागेवर लावून टर्नटेबलच्या वायरीचे डावे-उजवे प्लग आपसांत बदला. दोन्ही वेळा अ‍ॅम्प्लिफायरचा डावा कप्पाच (चॅनेल) मुका राहिला, तरच आत शिरायचे.

सदरचा रेकॉर्डवाला
नॉब आणि बटणांच्या फटींत गंज सोडवणारा स्प्रे मारावा. माझ्याकडे त्याने खरखर पाच मिनिटांत गेली.

निवृत्त मेकॅनिक
कृपया तसे करू नये. त्या स्प्रेमध्ये तेल असते. ते मागे राहते, त्यावर धूळ बसते आणि व्हॉल्यूमच्या नॉबमधील कार्बनची पट्टी खराब होऊ शकते. इलेक्ट्रॉनिक्ससाठीचा कॉन्टॅक्ट क्लीनर वेगळा मिळतो. तोसुद्धा वीज काढून, मोठ्या कपॅसिटरमधील चार्ज उतरल्यावरच मारावा. स्क्रू ड्रायव्हरने शॉर्ट करून चार्ज काढण्याचा उद्योग कोणी करू नये. योग्य रेझिस्टर लावून तो हळूहळू उतरवावा.

सदरचा रेकॉर्डवाला
माझा नॉब आजही व्यवस्थित आहे, एवढेच सांगतो.

रामदासपेठकर
दोन्ही अदलाबदली करून पाहिल्या. प्रत्येक वेळी अ‍ॅम्प्लिफायरचा डावा कप्पाच मुका राहिला. आवाज गेल्यावर व्हॉल्यूम क्षणभर बराच वाढवला, तेव्हा ‘खट्’ असा आवाज होऊन तो परत आला आणि दोन मिनिटांनी पुन्हा गेला. आता तरी भाग सांगावा.

निवृत्त मेकॅनिक
हा मोलाचा तपशील आहे. मोठ्या सिग्नलने काळवंडलेल्या कॉन्टॅक्टवरील (वीज जोडणाऱ्या टोकांवरील) थर क्षणभर भेदला जातो, म्हणून आवाज परत येतो. संशय दोन ठिकाणी जातो: सुरू केल्यावर काही सेकंदांनी टिक् करून स्पीकर आपोआप जोडणारा संरक्षक रिले, किंवा स्पीकर निवडण्याचा खटका. समोर ‘ए’ आणि ‘बी’ असे पर्याय आहेत का?

रामदासपेठकर
आहेत, पण ‘बी’ मी कधी वापरलेच नाही.

निवृत्त मेकॅनिक
मग बंद करून स्पीकर ‘बी’ला लावा आणि तासभर वाजवा. रिले बहुधा दोन्ही जोड्यांना सामाईक असतो आणि खटका त्याच्या पुढे येतो. म्हणून ‘बी’वर आवाज टिकला, तर रिले निर्दोष आणि खटका दोषी.

इतवारीचा सोल्डर
आणि कपॅसिटर?

रामदासपेठकर
‘बी’वर दीड तास वाजला, दोन्ही बाजू शाबूत आहेत! नंतर वीज काढून ‘ए-बी’चा खटका तीस-चाळीस वेळा फिरवला, सुरुवातीला बोटांना तो दाणेदार लागत होता, पुढे मऊ झाला. आता ‘ए’वरही अर्धा तास झाला आहे. वरच्या पत्र्यावर मात्र हात ठेवणे कठीण आहे, पण शोकेसच्या बंद कप्प्यात आणि नागपूरच्या मे महिन्यात हे चालायचेच, नाही का?

निवृत्त मेकॅनिक
मुळीच चालायचे नाही. अ‍ॅम्प्लिफायर कप्प्यातून बाहेर काढा, वर चार बोटे मोकळी हवा ठेवा. आणि मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिले आहे?

रामदासपेठकर
वडिलांचे भिंग घेऊन वाचले. १०० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ, १८० वॉट. विकणाऱ्यांनी सोबत ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर दिला होता, त्यावरच चालवतो. दहाने काय बिघडते?

निवृत्त मेकॅनिक
रात्री अकराच्या सुमारास मल्टिमीटर लावून पाहा.

रामदासपेठकर
सॉकेटमध्ये २४५ आणि ट्रान्सफॉर्मरनंतर ११७.

निवृत्त मेकॅनिक
म्हणजे सतरा टक्के जास्त. आतील रेल (सर्किटला मिळणारा डीसी पुरवठा) मूळ ४२ व्होल्टची असेल, तर ती ४९ च्या आसपास पोहोचते, आणि कपॅसिटर ५० व्होल्टपर्यंतच सोसणारे असतील, तर ते अगदी काठावर उभे आहेत. इतवारीच्या भाऊंचा मुद्दा या एका बाबतीत खरा ठरू शकतो.

इतवारीचा सोल्डर
मी पहिल्या दिवशीच सांगितले होते.

निवृत्त मेकॅनिक
आपण कारण सांगितले नव्हते. रामदासपेठकर, २३० ते १०० व्होल्टचा, ५०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा ट्रान्सफॉर्मर एखाद्या चांगल्या वाइंडिंगवाल्याकडून भरून घ्या. खटका वर्षभरात पुन्हा रुसेल. तेव्हा तो उघडून नीट साफ करावा लागेल.

रामदासपेठकर
रविवारपर्यंत ट्रान्सफॉर्मर कोण भरून देणार?

निवृत्त मेकॅनिक
माझ्याकडे व्हेरिअ‍ॅक (फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करता येणारा ट्रान्सफॉर्मर) आहे, शनिवारी घेऊन जा. तो आपल्या ट्रान्सफॉर्मरच्या आधी लावा आणि शेवटी १०० व्होल्ट दिसेपर्यंत फिरवा; व्हेरिअ‍ॅकवर तेव्हा साधारण २०९ असतील. पत्ता व्यक्तिगत निरोपाने पाठवतो. येताना मॉडेल क्रमांक तेवढा लिहून आणा, तो आपण अद्याप सांगितलेला नाही.