पोस्टग्रेस जुना मराठी डेटा घेत नाहीये, तातडीने मदत हवी

ग्रंथसेवक: वाचनालयाची ग्रंथयादी पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये चढवतोय, ११,००० नोंदी. पहिल्याच ओळीला 'इनव्हॅलिड बाइट सिक्वेन्स फॉर एन्कोडिंग यूटीएफ८', म्हणजे हे बाइट यूटीएफ८ या एन्कोडिंगमध्ये (अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) बसत नाहीत. लॅटिन१ (युरोपीय भाषांचं एन्कोडिंग) सांगितलं तर चढते, पण सगळा कचरा दिसतो. शनिवारी सभेत दाखवायची आहे. लवकर सांगा.

संगणकमित्र: यूटीएफ८एमबी४ करा. नुसत्या यूटीएफ८मध्ये इमोजी बसत नाहीत.

जुनाजाणता: अहो, ते मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं झालं, हे पोस्टग्रेस म्हणतायत. आणि देवनागरीला तीन बाइट पुरतात. ग्रंथसेवक, यादी मुळात कशात भरली होती?

ग्रंथसेवक: १९९६ ची डीबीएफ (जुन्या डेटाबेसची फाइल), तिची मी सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल) केली. सॉफ्टवेअर कुणाला आठवत नाही. त्याने काय फरक पडतो?

जुनाजाणता: सगळा फरक त्यानेच पडतो. 'कविता' हा शब्द शोधा आणि त्याचे बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) टाका इथे.

कोकणी_माणूस: एवढं कशाला? एसक्यूएल-अ‍ॅस्कीत नवा डेटाबेस करा. काही तपासत नाही, येईल ते घेतो. आमच्याकडे सहा वर्षं चाललंय.

जुनाजाणता: कृपा करून हे करू नका. बाइट आत जातील, पण 'कविता' टाइप करून शोधलं तर एकही नोंद सापडणार नाही.

कोकणी_माणूस: आमच्याकडे दाखल क्रमांकानेच शोधतात.

जुनाजाणता: वाचनालयात लोक लेखकाच्या नावाने पुस्तक मागतात हो!

ग्रंथसेवक: मिळाले. बी३ डी४ डीबी सी२ डीए.

जुनाजाणता: हे इस्की, भारतीय लिप्यांच्या एन्कोडिंगचं १९९१ चं मानक, आयएस १३१९४. बी३ म्हणजे क, डी४ व, डीबी पहिली वेलांटी. वेलांटी 'व'च्या नंतर आली, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. जुन्या फॉन्टचा मजकूर असता तर दिसण्याच्या क्रमाने ती 'व'च्या आधी असती. पोस्टग्रेसला इस्की येतच नाही, म्हणून बाहेरच बदलून घ्या. आयसीयू या युनिकोडच्या सॉफ्टवेअर संचासोबत यूकॉन्व हे एन्कोडिंग बदलायचं साधन येतं: मूळ एन्कोडिंग 'इस्की,व्हर्जन=०' (शून्य म्हणजे देवनागरी), नवं यूटीएफ-८. आधी १०० ओळी करून वाचून बघा. मूळ डीबीएफला हात लावू नका.

सुलेखा_ठाणे: श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्ट-सॉफ्टवेअरमधल्या फायलींना हेच चालेल का? माझ्याकडे दिवाळी अंकाची आठ वर्षं पडून आहेत.

जुनाजाणता: नाही, ती फॉन्टची भानगड. वेगळा धागा काढा, येतो तिथे.

ग्रंथसेवक: चढली! लेखकाच्या नावाने शोधही लागतोय. ३७ शीर्षकं मात्र शेवटी तुटलेली आहेत. जुना रकाना ३० बाइटचा होता, पुढचं तेव्हाच गेलं. ती पुस्तकं कपाटातून काढून हाताने भरतोय.