चार्जर जोडताच त्याचा दिवा विझतो : मदरबोर्डवरील दोष कसा शोधावा?

प्रश्न : माझा सहा वर्षांचा लॅपटॉप पावसाळाभर कपाटात पडून होता, आता तो सुरूच होत नाही आणि पिन खोचताच चार्जरचा दिवा विझतो. सुटा चार्जर १९.४ व्होल्ट दाखवतो. दुकानदाराने बोर्ड न उघडताच तो बदलायला सांगितले. घरी काय तपासता येईल?

उत्तर १ : मुख्य वीजमार्गावर (चार्जरची वीज बोर्डभर नेणाऱ्या मार्गावर) शॉर्ट असल्यामुळे, म्हणजे तो मार्ग ग्राउंडला (बोर्डाच्या ऋण बाजूला) थेट जोडला गेल्यामुळे, चार्जर स्वतःच्या बचावासाठी बंद होत असावा. बॅटरी व चार्जर काढून त्या मार्गाचा ग्राउंडशी असलेला रोध मोजावा. तो एखाद्या ओहमच्या आत असल्यास बहुधा सिरॅमिक कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) किंवा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आतून शॉर्ट झालेला असतो. प्रोसेसरजवळच्या कॉइलवर मात्र कमी रोध दिसणे स्वाभाविक आहे. तिथे अनेक नवशिके फसतात.

उत्तर २ : बोर्डावर आयसोप्रोपिल अल्कोहोल पसरून बेंच सप्लायने (व्होल्टेज हवे तेवढे ठेवता येणाऱ्या वीजपुरवठ्याने) त्या मार्गावर वीज द्यावी, जिथले अल्कोहोल तापून आधी उडते, तो भाग दोषी. व्होल्टेज १ च्या वर नेऊ नये, कारण प्रोसेसरचा वरचा मॉसफेट (मुख्य मार्ग आणि प्रोसेसरची कॉइल यांच्यामधला) शॉर्ट असल्यास दिलेले व्होल्टेज थेट प्रोसेसरवर जाईल आणि मग दुकानदाराचेच म्हणणे खरे ठरेल.

प्रश्नकर्ता : रोध ०.४ ओहम होता. चार्जिंग आयसीशेजारचा (बॅटरीचे चार्जिंग सांभाळणाऱ्या चिपशेजारचा) तिळाएवढा कपॅसिटर काही क्षणांत कोरडा पडला. तो काढताच शॉर्ट गेला, चार्जरचा दिवा टिकला आणि पंखाही फिरला. त्या जागी नवा बसवावा का?

उत्तर २ : समांतर जोडलेले इतर कपॅसिटर असल्याने तूर्त चालेल, तरी त्याच मूल्याचा, निदान २५ व्होल्टचा बसवावा.