जोडीतील मादी गेल्यावर उरलेल्या क्लाउनफिशसाठी जोडीदार कसा निवडावा?

मुळाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. पुण्यातील आमच्या घरी सुमारे २०० लिटरच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत ऑसेलारिस जातीच्या क्लाउनफिशची एक जोडी अनेक वर्षे नांदत होती. त्यांतील मोठी मादी गेल्या महिन्यात रात्री टाकीबाहेर उडी मारून दगावली. उरलेला नर व्यवस्थित खातो. मात्र एरवी मादीच्या मागे मागे राहणारा हा मासा आता काच पुसताना हातावर धावून येतो आणि टाकीतील इतर माशांनाही हुसकावून लावतो. दुकानदार सांगतात की, नरासाठी वयात आलेली मोठी मादीच न्यावी आणि भांडण टाळण्यासाठी सोबत समुद्रफूलही (सी अ‍ॅनिमोन, म्हणजे दगडाला चिकटून राहणारा फुलासारखा सागरी प्राणी) ठेवावे. हा सल्ला योग्य आहे का? आणखी एक शंका अशी की, ही जोडी दगडावर नियमित अंडी घालत असे व नर त्यांची राखणही करत असे, तरी अंडी फुटून पिल्ले बाहेर आलेली आम्ही कधीच पाहिली नाहीत. टाकीवर रात्रभर मंद निळा दिवा असतो. त्याचा याच्याशी काही संबंध असेल का?

सागरअभ्यासक यांचे उत्तर

मोठी मादी कृपया आणू नका. तसे केल्यास दोघांपैकी एकाच्या जिवावर बेतण्याची शक्यता फार आहे. आपला मासा आज नर असला तरी तो मादी होण्याच्या वाटेवर आहे, आणि आपण वर्णन केलेला आक्रमकपणा ही बहुधा त्याचीच खूण आहे. क्लाउनफिश आधी नर म्हणून वयात येतात. एका समुद्रफुलात राहणाऱ्या गटात सर्वांत मोठा मासा मादी असतो, दुसऱ्या क्रमांकाचा मासा तिचा नर असतो आणि त्यांच्याखालचे लहान मासे प्रजननात भाग घेत नाहीत. नराच्या जननग्रंथीत वृषणाबरोबर अंडाशयाच्या अविकसित ऊतीही असतात. मादी नाहीशी झाली की प्रथम त्याची वागणूक आणि मेंदू बदलू लागतो. जननग्रंथी त्यामागून बदलतात, आणि त्याला काही महिने, कधी त्याहून बराच अधिक काळ लागतो. हा बदल एकाच दिशेने होतो, म्हणजे मादी झालेला मासा पुन्हा नर होत नाही. आपण आता मोठी मादी आणली, तर एकाच जागेवर हक्क सांगणारे दोन मासे टाकीत समोरासमोर येतील.

म्हणून आपल्या माशापेक्षा स्पष्टपणे लहान, अजून वयात न आलेले एकच पिल्लू आणावे. या माशांचा सारा अधिकारक्रम आकारावर चालतो. सागरी जीवशास्त्रज्ञ पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतील परक्युला क्लाउनफिशवर केलेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की, खालच्या क्रमांकाचा मासा स्वतःची वाढ आवरून धरतो आणि वरच्या माशाच्या सुमारे ८० टक्के आकाराच्या आसपासच राहतो. कारण त्याहून मोठा झाल्यास तो प्रतिस्पर्धी ठरून गटाबाहेर हाकलला जाऊ शकतो. समुद्राबाहेरच्या एका काचेच्या पेटीतही हे मासे हाच नियम पाळतात, हे मला आजही विलक्षण वाटते.

निळ्या दिव्याची आपली शंका रास्त आहे. साधारण २७ अंश सेल्सिअस तापमानाला ऑसेलारिसची अंडी सात-आठ दिवसांत तयार होतात आणि अंधार पडल्यानंतर फुटतात. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१९ मध्ये नोंदवले की, रात्रभर कृत्रिम प्रकाशात ठेवलेल्या या जातीच्या अंड्यांपैकी एकही फुटले नाही. तेव्हा रात्री पूर्ण अंधार ठेवावा. मात्र अंडी फुटली तरी पारदर्शक, इवलीशी पिल्ले पंपात ओढली जातात किंवा इतर मासे ती खातात, त्यामुळे ती वाढवायची असल्यास वेगळी टाकी आणि खाद्य म्हणून रोटिफर (पाण्यातील अतिसूक्ष्म प्राणी) यांची तयारी आधीच करावी लागेल.

खारेपाणी यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. समुद्रफुलाविषयी एवढेच सांगतो की, टाकीतील क्लाउनफिशला त्याची मुळीच गरज नसते. समुद्रात ते भक्षकांपासून आसरा देते. आपल्या टाकीत भक्षक नाहीत. उलट त्याला तीव्र प्रकाश आणि अनेक महिने स्थिरावलेले पाणी लागते, आणि ते मेले तर पाणी झपाट्याने नासते. दोन माशांमधील भांडण तर त्याने मिटणारच नाही.

नवे पिल्लू थेट टाकीत सोडू नये. किमान चार आठवडे ते स्वतंत्र टाकीत ठेवून निरीक्षण करावे, कारण क्लाउनफिशला ब्रुकलिनेला हा सूक्ष्म परजीवी विशेष सतावतो. अंगावर पांढरट चिकट थर येणे आणि श्वास जलद होणे ही लक्षणे दिसली, तर तांब्याच्या औषधावर विसंबून राहू नये, ते या परजीवीवर चालत नाही. फॉर्मलिनचे उपचार जाणकाराच्या देखरेखीखाली तातडीने करावे लागतात. त्यानंतर मुख्य टाकीत जाळीच्या कप्प्यात पिल्लू काही दिवस ठेवावे आणि दगडांची मांडणी थोडी बदलावी. जाळी काढल्यावर मोठा मासा पिल्लाचा पाठलाग करेल, हे अपेक्षितच आहे. पिल्लू आडवे होऊन अंग थरथरवू लागले तर घाबरू नये, ती शरणागतीची खूण आहे. पंख फाटत असतील किंवा पिल्लू पृष्ठभागाशी कोपऱ्यात दबून राहून खाईनासे झाले असेल, तर मात्र पुन्हा जाळी लावावी. टाकीवर झाकण किंवा बारीक जाळी बसवावी, हे आपल्याला वेगळे सांगायला नकोच.

मुळाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. दिवा आजपासून बंद केला आहे. एकाऐवजी दोन लहान पिल्ले आणली, तर मोठ्या माशाचा राग विभागला जाईल, असे एका परिचितांचे मत आहे. ते कितपत खरे आहे?

दर्यासारंग यांचे उत्तर

सुरुवातीला राग विभागला जाईल, परंतु काही काळाने दोघांपैकी एक नर होईल आणि मग ती जोडी मिळून तिसऱ्याला जगू देणार नाही. समुद्रात असा तिसरा मासा मोठ्या समुद्रफुलाच्या कडेला तग धरू शकतो. २०० लिटरच्या टाकीत त्याला कडाच उरत नाही. एकच पिल्लू आणावे, आणि ते टाकीत पैदास केलेलेच असावे. असा मासा कोरड्या खाद्याला सरावलेला असतो, पकडीचा आणि दीर्घ वाहतुकीचा ताण त्याने सोसलेला नसतो, आणि त्याच्यासाठी कोणत्याही प्रवाळभित्तीवरची जोडी फोडलेली नसते. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचे तंत्र आपल्या देशातच विकसित केलेले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचे कारण उरत नाही. विक्रेत्याकडे पिल्लू आपल्यासमोर खाद्य खाताना पाहावे आणि मगच ते घ्यावे.