मदत हवी आहे: काचेची निगेटिव्ह ओल्या कोलोडियनची की कोरड्या जिलेटिनची?

शहराच्या संग्रहालयातल्या विशेष संग्रहातली एक निगेटिव्ह साधारण कोणत्या काळातली, ते ठरवायचंय. नोंदवहीत फक्त दाखल क्रमांक आणि ‘पूल, दोन माणसं’ एवढंच. काचेवर प्रकाशाला संवेदनशील थर देण्याच्या या दोन पद्धती: कोलोडियनची (फोटो काढण्याआधी हाताने ओला थर द्यायचा) १८५१ ची, जिलेटिनची (थर आधीच देऊन वाळवलेली काच) १८७१ ची, त्यामुळे प्रकार कळला तरी खूप झालं.

एका कोपऱ्यात थर नाही, तिथे अंगठ्याचा ठसा अगदी स्पष्ट आहे. काचेची कडही हाताने कापल्यासारखी ओबडधोबड. म्हणजे कोलोडियन वाटतं. पण कडांना आरशासारखी चंदेरी झाक आहे, ती तर बहुधा जिलेटिनवर दिसते.

तिरप्या उजेडात दोन्ही बाजूंनी पाहून झालंय. फोटो काढायला परवानगी आहे. पाणी किंवा रसायन लावायचं नाही, तसं मला करायचंही नाही, काच फार नाजूक आहे. नुसत्या भिंगाने खात्री करायची तर नेमकं काय तपासू?