फुफ्फुसात गाठी, इंजेक्शनसाठी सही मागून राहिले, लवकर सांगा

मिहानकर: मामा नागपूरला धंतोलीत आयसीयूत आहेत. सकाळी बाथरूममधून आले अन् एकदम दम लागला, घामाघूम, खालीच बसले. सीटीत दोन्ही फुफ्फुसांत रक्ताच्या गाठी. डॉक्टर म्हणतात गाठ विरघळवायचं इंजेक्शन देतो, ब्लीडिंगची रिस्क आहे, सही करा. करू का? मामी रडून राहिली, मला काही समजून नाही राहिलं.

वर्धारोड: बीपी किती? वरचा ९० च्या खाली असेल तर घाई खरी आहे. नाहीतर बहुतेक हेपरिनवरच (रक्त पातळ ठेवायचं औषध) ठेवतात.

संत्राबर्फी: लसणाच्या दोन पाकळ्या उपाशीपोटी. माझे सासरे १० वर्षांपासून घेतात, रक्त कसं पातळ!

वर्धारोड: काकू, माणूस आयसीयूत आहे.

मिहानकर: बीपी ८४, तेही वाढवायचं औषध चालू असून.

टेकडीलाईन: सही करून टाक भाऊ. आमच्या काकांना हेच गाठ विरघळवायचं, अल्टेप्लेज, दिलं होतं, १०० मिलिग्रॅम २ तासांत, संध्याकाळी बोलत होते.

वर्धारोड: तुमच्या काकांचं वेगळं. मिहानकर, इतक्यात ऑपरेशन? डोक्यात कधी ब्लीडिंग?

मिहानकर: गुडघा बदलला ना ११ दिवसांआधी, पट्टी दिसूनच राहिली त्यांना. डोक्याचं जुनं आहे, ४ वर्षं झाली, बीपी वाढून रक्त साचलं होतं, तेव्हा अकोल्याला होते. आता ठणठणीत. त्याचं काय इथं?

वर्धारोड: अरे बाप्पा, मोबाईल ठेव अन् आत्ता जाऊन डॉक्टरला सांग! डोक्यात एकदा रक्तस्राव झालेल्याला हे इंजेक्शन सहसा देतच नाहीत. मांडीच्या शिरेतून नळी टाकून गाठ ओढून काढता येते, ते होते का विचार.

टेकडीलाईन: नळीवाल्याचं बिल लाखांत जाते. सरकारी मेडिकल कॉलेजच्या सुपर स्पेशालिटीला न्या सरळ.

वर्धारोड: ८४ बीपीवर ॲम्ब्युलन्सनं? अन् रस्त्यात काही झालं तर?

टेकडीलाईन: मी फक्त ऑप्शन सांगितला, चिडता काऊन.

मिहानकर: सांगितलं. सिस्टर पळतच गेली आत. इंजेक्शन थांबवलं, इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाची उजवी बाजू फुगली म्हणे, कॅथलॅबवाले (नळी टाकणारे) येऊन राहिले. नंतर लिहितो.

रातराणी_ट्रॅव्हल्स: मी दर महिन्याला बसनं पुण्याला जातो, रात्रभर पाय लटकवून. मोजे घालू का ते घट्टवाले?

वर्धारोड: वेगळा धागा काढा हो.