ज्ञानेश्वरीनंतर काय? अमृतानुभव, विज्ञानभैरव आणि 'गुह्य' ग्रंथांचा प्रश्न

गोदाकाठ:
जय हरी मंडळी. सार्थ ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. आता माउलींचाच अमृतानुभव, विज्ञानभैरव हा शैव ध्यानग्रंथ आणि अष्टावक्रगीता हा अद्वैताचा ग्रंथ यांची ओढ लागली आहे. नाशिकच्या सत्संगांत एक मत ठामपणे मांडले जाते: घरोघरी वाचतात ते ग्रंथ नवशिक्यांचे, खरे गुह्य नाथ आणि शैव ग्रंथांत. हे कितपत खरे? पुढे कोणत्या क्रमाने जावे, रोज किती वाचावे?

त्र्यंबकवाट:
जय हरी. गुह्य म्हणतात ते ज्ञानेश्वरीतच आहे. सहावा अध्याय पुन्हा काढा. गीतेच्या १३व्या-१४व्या श्लोकांत ताठ बसणे, नासाग्रदृष्टी, ब्रह्मचर्यव्रत, मनाचा संयम एवढेच येते. माउली तिथे मूळबंध, जालंधर, उड्डियान हे हठयोगाचे तीन बंध आणि जागी होणारी कुंडलिनी आणतात, आणि 'पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु' असे उघड सांगतात. अठराव्याच्या शेवटी मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती ही परंपराही दिली आहे. पारायणात दिवसाचा आकडा पुरा करायच्या घाईत नेमक्या याच ओव्या हातून निसटतात. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला ज्यांच्या समाधीपाशी दिंड्या पोचतात, त्या निवृत्तिनाथांकडूनच हे आलेले आहे. वारकरी एकीकडे आणि नाथ दुसरीकडे, अशी वाटणी आपल्या मातीत करताच येत नाही.

आता क्रम. आधी चांगदेव पासष्टी: ६५ ओव्या, रोज ५ घेतल्या तर १३ दिवस. मग अमृतानुभव: १० प्रकरणे, ८००च्या आसपास ओव्या, त्याच गतीने साडेपाच महिने. पहिले प्रकरण शिवशक्तीचे, ते वाचा. त्यानंतर थेट नववे, आणि मग दुसऱ्यापासून ओळीने. हा उलटा क्रम सातव्या प्रकरणासाठी सुचवतो. अज्ञानखंडनाचे ते प्रकरण जवळपास ३०० ओव्यांचे आहे, सगळा युक्तिवाद. बहुतेक वाचक तिथेच थकतात. न थकणारे कित्येकदा असा निष्कर्ष काढतात की अज्ञान मुळात नाहीच, तर नामस्मरण कशाला? याचे उत्तर नवव्यात आहे: 'देव देऊळ परिवारु । कीजे कोरूनि डोंगरु । तैसा भक्तीचा व्यवहारु । कां न व्हावा'. पांडवलेणीतले चैत्यगृह पाहिलेल्या नाशिककराला ही ओवी समजावून सांगावी लागू नये. स्तूप, खांब, छत सगळे एकाच कातळातले. अद्वैत पुरते मान्य करूनही भक्ती उरते, हे नवव्यात मनात बसले की सातवे वाचताना पाय घसरत नाही.

वाचायची रीत: पाचही ओव्या आधी मोठ्याने, अर्थाकडे न बघता. मग अन्वय, म्हणजे शब्दांचा सरळ क्रम, स्वतः लावायचा, त्यानंतरच खालचा अर्थ. दुसऱ्या दिवशी आदल्या पाच एकदा म्हणून मगच पुढे. आधी अर्थ वाचला की ओवी डोळ्यांनी बघितली जाते, कानात राहत नाही.

कुशावर्त:
वरच्याशी सहमत. विज्ञानभैरवाबद्दल मात्र सावध करतो. त्यात ११२ धारणा, म्हणजे ध्यानाच्या रीती, आहेत. रोज नवी करून पाहणे हा हमखास वाया जाण्याचा मार्ग. श्वास आत-बाहेर वळतो त्या दोन संधींवर लक्ष ठेवण्याची पहिली धारणा घ्या आणि तीन महिने तीच धरा. श्वास सहज चालू द्या, मुद्दाम कोंडू नका. पुस्तकावरून कुंभक, म्हणजे श्वास रोखण्याचा अभ्यास, तर नकोच. हठप्रदीपिका या हठयोगाच्या ग्रंथाच्या दुसऱ्या उपदेशातच (प्रकरणातच) म्हटले आहे की सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू वश होतात तसाच प्राण. चुकीच्या अभ्यासाने उचकी, दमा, खोकला, डोके-कान-डोळे दुखणे असे विकार होतात. सहाव्या अध्यायातले बंधही याच कारणाने जाणत्यासमोर बसून शिकायचे.

अष्टावक्रगीता शेवटी ठेवा. २० प्रकरणांत तिथे सिद्धान्तच सिद्धान्त आहे, साधनेचा जिना फारसा नाही. ती हवीच असेल तर योगवासिष्ठाचे वैराग्य प्रकरण आधी वाचा.

आणि अपरिचित म्हणजे अधिक खोल, हा समज सोडा. महानुभावांचे ग्रंथ शतकानुशतके बाहेरच्यांना वाचता आले नाहीत, कारण ते सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहिले जात. लीळाचरित्र उघडून पाहा, चक्रधरांच्या रोजच्या बोलण्या-चालण्याइतके साधे गद्य आहे ते.

गोदाकाठ:
अमृतानुभवात शैव विचार खरेच आहे, की पुढच्यांनी जोडला?

त्र्यंबकवाट:
तिसऱ्या प्रकरणात 'ज्ञान बंधु' हे वचन शिवसूत्र या काश्मिरी शैव ग्रंथाचे नाव घेऊन आले आहे; मूळ सूत्र 'ज्ञानं बन्धः', पहिल्या उन्मेषातले (भागातले) दुसरे. तेवढ्यावरून अमृतानुभवाला काश्मिरी शैव ठरवणारे आणि तो निव्वळ वेदान्त मानणारे, दोघेही घाई करतात असे माझे मत. पाचव्या प्रकरणात सत्-चित्-आनंद ही वेदान्ताचीच पदे घेतली आहेत, आणि तीही वस्तूला (ब्रह्माला) पुरी पडत नाहीत असे दाखवले आहे. तिसरे आणि पाचवे जोडून वाचा.

प्रतीबद्दल: इंटरनेटवरच्या नुसत्या संहितेवर अवलंबून राहू नका. ओव्यांचे क्रमांक प्रतीगणिक एक-दोनने सरकतात आणि पाठभेद दिलेले नसतात. विष्णुबुवा जोगांची सार्थ प्रत घ्या. विकत मिळाली नाही तर सावानात, म्हणजे सार्वजनिक वाचनालय नाशिकमध्ये, चौकशी करा. १८४० सालचे वाचनालय आहे, जुन्या प्रतींसाठी तिथे विचारायलाच हवे.