मीटरपेटी फुटली, तर दुरुस्ती कोणाकडे?

घरमालक (चर्चेचा प्रस्ताव)

आमच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवरील मीटरपेटीचे झाकण बिजागरीपाशी तुटले आहे. वर्षानुवर्षांच्या उन्हाने प्लॅस्टिक इतके ठिसूळ झाले होते की रीडिंग घ्यायला आलेल्या कर्मचाऱ्याने नेहमीप्रमाणे झाकण उघडले आणि कोपरा त्याच्या हातातच आला. वीज कंपनीकडे तक्रार केली, तेव्हा "मीटर आमचे, पेटी तुमची" असे उत्तर मिळाले. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलावले, तर आतले सील पाहून त्याने हात लावायला नकार दिला, आणि तो नकार रास्तच होता. या गोष्टीला तीन महिने झाले. तेव्हापासून पेटीला प्लॅस्टिकचा कागद बांधलेला आहे आणि पाऊस सुरू झाला की मी रात्री उठून तो जागेवर आहे ना, हे पाहून येतो.

माझे म्हणणे असे की सील ज्याचे, दुरुस्ती त्याची. जी वस्तू उघडण्याचा अधिकार मला नाही, जी उघडल्यास माझ्यावर वीजचोरीचा संशय घेतला जाऊ शकतो, ती सुस्थितीत ठेवण्याचे ओझे माझ्यावर टाकणे अन्यायाचे आहे. पेटी विकत कोणी घेतली, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो, कारण जबाबदारी ताब्याबरोबर गेली पाहिजे आणि पेटीच्या आतला ताबा पूर्णपणे कंपनीकडे आहे.

निवृत्त मीटर तपासनीस

आपली अडचण खरी आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. सील हे मोजमापाच्या खात्रीसाठी असते. त्याचा पेटीच्या मालकीशी संबंध जोडता येत नाही. पेटीचे आयुष्य ठरते ते घराच्या वागणुकीवर. वरच्या पन्हाळीचे पाणी नेमके पेटीवर पडते का, भिंतीला ओल आहे का, पेटीवर वेल चढवला आहे का, खाली गाडी लावताना हँडल झाकणाला घासते का, या सगळ्या गोष्टी घरात राहणाऱ्यालाच दिसतात आणि त्यालाच टाळता येतात. कंपनीचा माणूस महिन्या-दोन महिन्यांतून एकदा येतो, आणि दूरवाचन करणारी मीटरे बसली की तोही येत नाही.

ब्रिटनमधील रीत याबाबतीत स्पष्ट आहे. तिथे रस्त्यावरून येणारी केबल आणि मुख्य फ्यूज असलेला कटआउट वितरण जाळे चालवणाऱ्या कंपनीकडे असतो, मीटरची जबाबदारी वीजपुरवठादाराकडे असते आणि बाहेरच्या भिंतीवरची पेटी, तिचे दार, बिजागरी व कुलूप हे सर्वसाधारणपणे घरमालकाचे मानले जाते. नुसते दार तुटले असेल, तर घरमालक नवे दार बसवून घेतो. आतल्या विद्युत भागांना त्याने हात लावायचा नसतो. पेटी हे मीटरचे घर आहे, मीटर नव्हे. शिवाय प्रत्येक फुटलेल्या झाकणाचा खर्च कंपनीने उचलायचा ठरवला, तर तो शेवटी दरांतून सगळ्या ग्राहकांवर पडेल, ज्यांनी आपली पेटी नीट जपली त्यांच्यावरसुद्धा.

इलेक्ट्रिकल ठेकेदार

ब्रिटनचे उदाहरण योग्य आहे, पण ते जिथे पेटी आणि जोडणीचे भाग एकमेकांपासून वेगळे असतात तिथपुरतेच लागू पडते. अमेरिकेत मीटर ज्या खोबणीत बसवतात, ती सॉकेटची पेटीच विद्युत जोडणीचा भाग असते. मीटर काढले की आत वीज वाहणारे जिवंत जबडे, म्हणजे मीटरला धरणाऱ्या धातूच्या पकडी, उघडे पडतात. तरीही तिथे बहुतेक ठिकाणी ती पेटी आणि बाहेरून येणाऱ्या तारा तिच्यापर्यंत आणणारा वरचा उभा नळ घरमालकाचा मानला जातो. वादळात खांबावरून घराकडे येणारी तार तुटून पेटी भिंतीतून उपटली गेली, तर घरमालकाने परवानाधारक माणसाकडून ती बसवून घ्यायची आणि मगच कंपनी पुरवठा जोडते. म्हणजे ताबा एकाचा आणि खर्च दुसऱ्याचा, ही विभागणी जगात अस्तित्वात आहे. ती न्याय्य आहे का, हा निराळा प्रश्न आहे.

माझ्या अनुभवात झाकण तुटण्यापेक्षा पेटी आतून जळण्याची प्रकरणे जास्त वादाची ठरतात, आणि तिथे मी "पेटी तुमची" हे उत्तर स्वीकारणार नाही. टर्मिनलचा, म्हणजे तार जोडतात त्या जागेचा, स्क्रू सैल असेल, तर जोडावर रोध वाढतो. समजा, तो रोध फक्त ०.०५ ओहम आहे आणि घरात ३० अँपिअरचा लोड चालू आहे, तर त्या एका जोडावर ४५ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे एखादे सोल्डरिंग आयर्न पेटीत सतत चालू ठेवल्यासारखे. ॲल्युमिनियमची तार असेल, तर प्रकरण आणखी बिघडते, कारण तिच्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि दाबाखाली ती हळूहळू पसरून स्क्रूची पकड ढिली होते. मी उघडून घेतलेल्या एका पेटीत तीन टर्मिनले स्वच्छ होती. चौथ्याभोवतीचे प्लॅस्टिक तपकिरी होऊन फुगले होते आणि तारेचे आवरण बोटाने दाबताच खापरीसारखे तुटत होते. तार घराकडे जाणारी होती, म्हणून कंपनीने बिल घरमालकाला लावले. पण तो स्क्रू सीलबंद झाकणाखाली होता आणि तो आवळणारा हात कंपनीचा होता. त्या घरमालकाने पैसे भरले, याचे मला आजही वाईट वाटते.

म्हणून मालकी किंवा ताबा यापेक्षा मी आधी कारण शोधतो. नुकसान सर्वात तीव्र कुठे आहे, हे पाहिले की आग कुठून सुरू झाली ते बहुतेक वेळा कळते. अट एकच, जळालेली पेटी काढून नेण्याआधी तिचे फोटो घेतलेले हवेत.

भाडेकरू

या चर्चेत आमचा उल्लेखच नाही. बिल माझ्या नावावर नाही, पेटी माझी नाही, सील माझे नाही, पण उघड्या टर्मिनलपासून दोन हातांवर माझी मुले खेळतात. घरमालक आणि कंपनी यांचा निर्णय होईपर्यंत मी काय करायचे?

घरमालक

आपला प्रश्न मला आधीच सुचायला हवा होता. धोका निवारणाचे काम खर्चाच्या वादात अडकता कामा नये, एवढे तरी सर्वांना मान्य व्हावे.

ठेकेदारांच्या विवेचनानंतर मी माझे म्हणणे थोडे आवरते घेतो. सीलच्या बाहेरचे झाकण, बिजागरी, पेटी भिंतीला धरणारे स्क्रू हे माझे; सीलच्या आतले सारे कंपनीचे. मात्र केवळ जागेच्या आधारे जबाबदारी ठरवण्याला माझा विरोध कायम आहे. भारतात केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या २००६ च्या मीटरविषयक विनियमांनी जागेचाच निकष धरला आहे: मीटर ग्राहकाच्या आवारात असेल, तर त्याच्या सुरक्षिततेची काळजी ग्राहकाने घ्यायची आणि आवाराबाहेर असेल, तर वितरण कंपनीने. हे वाचायला सोपे वाटते. पण चोरी रोखण्यासाठी आणि रीडिंग सोपे जावे म्हणून मीटर घराच्या आतून उचलून कुंपणाच्या भिंतीवर आणले जाते, तेव्हा ते आवारात आहे की बाहेर? ऊन-पावसाची ती जागा मी निवडलेली नसते, आणि उन्हाने ठिसूळ झालेले प्लॅस्टिक हा माझा निष्काळजीपणा कसा ठरतो?

निवृत्त मीटर तपासनीस

जागा कंपनीने बदलली असेल, तर तिथली पहिली पेटी ऊन-पाऊस सोसेल अशा प्रतीची देणे हे कंपनीचे काम आहे, हे मी मान्य करतो. त्यानंतरच्या झिजेचा खर्च मात्र मी अजूनही घरमालकावरच ठेवीन. घराचा बाहेरचा रंग उन्हाने उडाला, तर तो आपणच देतो.

भाडेकरूंच्या प्रश्नाचे उत्तर असे की उघडे टर्मिनल किंवा जळका वास ही तातडीची तक्रार आहे, आणि ती करायला बिल कोणाच्या नावावर आहे याने फरक पडू नये. कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करून "जिवंत भाग उघडा आहे" हे शब्द वापरावेत, तक्रारीचा क्रमांक टिपून ठेवावा आणि माणूस येईपर्यंत मुलांना तिकडे जाऊ देऊ नये. आधी धोका दूर करायचा आणि खर्च कोणाचा ते नंतर ठरवायचे, ही शिस्त मी नोकरीत कसोशीने पाळली.

आणि घरमालक, आपण बांधलेला तो प्लॅस्टिकचा कागद कृपया काढू नका आणि नवा बांधूही नका. आत ओल कोंडत असेल, तर ओल्या हाताने किंवा पावसात तिथे जाणे अधिक धोक्याचे आहे. कंपनीला लेखी अर्ज द्या की आपला इलेक्ट्रिशियन अमुक दिवशी झाकण बदलणार आहे, त्या वेळी आपल्या कर्मचाऱ्याने हजर राहून पुरवठा बंद करावा, गरज पडल्यास सील काढावे आणि काम झाल्यावर नवे सील लावून त्याचा क्रमांक अर्जाच्या प्रतीवर लिहून द्यावा.

घरमालक

अर्ज आजच लिहितो. झाकणाचा खर्च मी देईन, पण कोपरा कोणाच्या हातात तुटला हेही त्यात नमूद करीन.